मागची तुकडी

“असा नियम नाहीये काका,” कोमल म्हणाली, आणि रतनचा हात पटावर होता तिथंच राहिला. बोलली ती गोडच. पोरगी लाघवी होती, रतनच्या लेकीच्या, यशोधराच्या ऑफिसातली मैत्रीण. दर रविवारी पुण्यातल्या एका कॅफेत पट मांडून जुन्या लढाया खेळणाऱ्या पोरापोरींचा घोळका जमायचा, त्याची ही म्होरकी. यशोधरानं वाढदिवसाचं म्हणून वडलांना तिथं आणलं होतं. ‘बाबा, तुमचं वॉटर्लू तिथं पण आहे,’ असं ती म्हणाली तेव्हा रतनला ते खरंच वाटलं नव्हतं. त्याच्या लेखी तो खेळ जगात एकाच जागी होता, लोणावळ्याला, वलवणात, अंबाजीभाऊंच्या पडवीत. आणि इथं तर तोच नकाशा, तीच मधाच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं, तोच चढ, चढाच्या पलीकडं दडून बसलेले इंग्रज आणि खाली नेपोलियनची निळी फौज. फक्त सगळं कोरं करकरीत. रतननं सवयीनं निळी बाजू घेतली. सवयीनं एक तुकडी चढावर घातली, तिच्या पाठीला दुसरी लावली, आणि सवयीनंच ओठांचा चंबू करून बारीक शिट्टी दिली. पोरं हसली, शिट्टीला उत्तर कुणी दिलं नाही. मग फासा पडला तो वाईट. तरी रतन निवांत होता, कारण मागं तुकडी होती. कोमलनं त्याची पुढची तुकडी उचलली आणि मोडलेल्यांच्या रांगेत नेऊन ठेवली. मागं दुसरी असली की मोडत नाही, असं तो म्हणाला, आणि त्यावर ती म्हणाली ते हे.

तिनं मोबाइलवर नियमांचं पुस्तक काढलं आणि दोन बोटांनी अक्षर ताणून मोठं करून त्याच्यापुढं धरलं. “हे बघा ना. मागची तुकडी फक्त वाट देते. पुढचे पळून यायला लागले की त्यांना मधून जायला. ती थांबवत नाही कुणाला.” रतननं शब्दाशब्दावर थांबत वाचलं. हे पुस्तक तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचत होता. लिहिलं होतं ते कोमल म्हणत होती तसंच, त्यात वाकवायला कुठं जागा नव्हती. त्यानं मान हलवली, “बरोबर आहे, आम्ही जरा वेगळं खेळतो,” असं म्हणाला, आणि पुढच्या तासाभरात त्याची सगळी फौज चढावरून घरंगळत खाली आली. यशोधरानं मागवलेलं सँडविच त्यानं निम्मं खाल्लं. “बाबा, कंटाळलात का?” तिनं विचारलं. “छे गं,” तो म्हणाला, “मजा आली.” मजा आली, हे म्हणताना आपला आवाज साहेबासमोर बोलताना होतो तसा झालाय, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

शिवाजीनगरहून दुपारची लोकल रिकामीच होती. डब्यात एक म्हातारा शेंगा सोलत बसला होता आणि शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला निघालेल्या चार बाया. रतन खिडकीशी बसला. मार्गशीर्षातलं ऊन अंगावर येत होतं, चांगलं वाटायला हवं होतं. पण जिभेवर तो नियम होता, औषधाची गोळी विरघळून राहते तसा. वीस-बावीस वर्षं. दर रविवारी संध्याकाळी. मागं तुकडी असली की मोडत नाही, या एका वाक्यावर त्यानं किती डाव जिंकले असतील. जगात नेपोलियन वॉटर्लूला हरला ते हरला. वलवणला तो बहुतेक वेळा जिंकायचा, आणि रतन घरी येऊन बायकोला सांगायचा, आज परत भाऊंना टेकडीवरनं खाली घातलं. ती म्हणायची, त्या माणसाला कधीतरी जिंकू द्या. आता लोकलच्या खिडकीशी त्याला वाटत होतं, ते वाक्य त्या माणसानं माझ्याबद्दल कुणाला तरी म्हटलं असेल. आपल्या बायकोला, लीलाबाईंना म्हटलं असेल, चुलीपाशी बसून, हळूच. बिचाऱ्याला जिंकू दे. त्या ‘बिचाऱ्या’पाशी रतनचं मन पुन्हापुन्हा जाऊन आदळत होतं आणि गाडी देहूरोडच्या पुढं गेलेली त्याला कळलंही नाही.

पूर्वी रतन इंजिनावर होता. ड्रायव्हर अंबाजीभाऊ, त्यांचा असिस्टंट रतन. त्यांचं इंजिन गाडी ओढायचं नाही, ढकलायचं. कर्जतला मुंबईकडून आलेल्या गाडीच्या शेपटीला लागायचं आणि खंडाळ्याचा घाट चढवून तिला लोणावळ्यात आणून सोडायचं; त्याला बँकर म्हणतात. पुढच्या इंजिनातल्या माणसांना डोंगर दिसतो, बोगदे दिसतात, दरी दिसते. बँकरवाल्याला समोर फक्त शेवटच्या डब्याची पाठ दिसते. पावसात, धुक्यात, उन्हात, तीच ती पाठ. ठाकूरवाडी गेली, मंकी हिल आलं, हे कानांनी कळायचं. कर्जतला पुढचा शिट्टी देणार, मागचा उत्तर देणार, मगच पुढच्यानं हलायचं. उत्तर आल्याशिवाय नाही. मग नकळत सगळं वजन मागं यायचं, इंजिनाच्या पोटातला सूर बदलायचा, आणि भाऊंचा चेहरा असा व्हायचा की त्यांच्याशी बोलायची सोय नसायची. वर आलं की इंजिन सुटं करायचं. लोक खिडक्यांतून हात काढून चिक्की घेत असायचे, गाडी पुण्याकडं निघून जायची, वळून कुणी बघायचं नाही. रतन नवा होता तेव्हा त्याला याचं वाईट वाटायचं. तो एकदा तसं बोलला तर भाऊ म्हणाले, “बगून काय करतील? आपून मागं हाय म्हणून तर त्येनला चिक्की सुचती.” आणि डबा उघडून भाकरी मोडायला लागले.

मग रतनचे डोळे गेले. म्हणजे गेले असं नाही. चालायला, जेवायला, माणूस ओळखायला पुरतील एवढे राहिले. पण मधोमध एक डाग आला, बघावं तिथं नेमका तोच. एका सकाळी सुटं इंजिन घेऊन कर्जतला परत उतरताना नागनाथच्या अलीकडं भाऊंनी सिग्नल विचारला आणि रतनला पिवळ्याच्या जागी नुसतं भुरकं काहीतरी दिसलं. त्यानं सांगून टाकलं, दिसत नाही. भाऊंनी स्वतः वाकून पाहिलं आणि रंग मोठ्यानं सांगितला, जणू काही झालंच नाही. पुढच्या मेडिकलला त्याला इंजिनावरून उतरवलं आणि लॉबीत बसवलं, दुसऱ्यांच्या ड्युट्या लावायला. काम तसं आरामाचं. पण पस्तिशीच्या माणसाला आराम म्हणजे शिक्षाच. सकाळी पोरं डबे घेऊन त्याच्या टेबलासमोरून इंजिनाकडं जायची, आणि तो घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपायचा. यशोधरा लहान होती, ती पाठीवर हात फिरवायची, तर त्याला तेही सहन व्हायचं नाही. माणसं येत होती. कामशेतचे पाहुणे आले, विहारातले लोक येऊन गेले, नात्यातलं कुणी म्हणालं, होतं असं, नोकरी तर राहिली ना. खरंच होतं ते. त्याला ते खरं नको होतं.

अंबाजीभाऊ असं काही बोलले नाहीत. एका रविवारी ते एक खोकं काखोटीला मारून आले. तुंगार्लीतला एक जुना बंगला रिकामा करताना तिथल्या माळ्यानं त्यांना एक पत्र्याची ट्रंक दिली होती, तिच्या तळाशी हे निघालं होतं. खोक्यावर घोड्यावरचा एक माणूस. “लढाई हाय,” भाऊ म्हणाले, “दोघं लागत्यात. ऊठ.” रतननं शिव्या घातल्या होत्या त्यांना. उघड, तोंडावर. मला दिसत नाही आणि तुम्ही बारीक बारीक सोंगट्या घेऊन आलात, असं बरंच. भाऊ गेले. पुढच्या रविवारी परत आले, आणि आता सगळ्या सोंगट्या प्लायवूडच्या चौकोनी तुकड्यांवर चिकटवल्या होत्या, आणि प्रत्येकीवर काळ्या रंगानं आकडा काढला होता, दुकानाच्या पाटीवर काढतात एवढा. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, टाइप बारीक. ते भाऊंकडं राहिलं. भाऊंचं इंग्रजी म्हणजे रेल्वेचं इंग्रजी, अडलं की शब्दकोश. आठवडाभर एक पान लावायचं, रविवारी ते रतनला सांगायचं, तेवढ्यावर खेळायचं. त्यामुळं पहिले काही महिने त्यांच्या वॉटर्लूत तोफाच नव्हत्या, कारण ते पान यायचं होतं.

आणि सगळं बिनसलं होतं ते इथंच, रतननं खिडकीची गार सळई धरून विचार केला. कारण त्याला तो रविवार आठवत होता. निळी फौज चढावर जायची आणि मोडायची, जायची आणि मोडायची. त्या दिवशी त्यानं पट हातानं विस्कटला होता. म्हणाला होता, मी नाही खेळत, हा चढ कुणाच्यानं चढायचा नाही. भाऊंनी सोंगट्या गोळा केल्या. आणि पुढच्याच रविवारी ते म्हणाले, “नवं पान लावलं. मागं दुसरी तुकडी आसंल तर पुढची मोडत न्हाई.” लगेच. अगदी लगेच. त्या दिवशी रतन पहिल्यांदा जिंकला होता. घरी जाताना पोरीला खांद्यावर घेतलं होतं, तिच्या टाचा छातीवर आपटत होत्या, ते अजून त्याला छातीवर कळत होतं. सोमवारी तो लॉबीत दाढी करून गेला होता. तिथून त्याचं आयुष्य परत रुळावर आलं असं तो मनात धरून होता. कुणाला बोलला नव्हता, पण धरून होता. आणि आज कळत होतं की तो विजय भाऊंनी बनवून हातात ठेवला होता.

आई, आक्काबाई, त्याला लहानपणी फार काही शिकवू शकली नव्हती, पण एक गोष्ट तिनं हाडात घातली होती. वडगावच्या बाजाराला ती भाजी घेऊन बसायची. कुणी शिळंपाकं, उरलंसुरलं पुढं केलं की ती हात मागं घ्यायची आणि पोरालाही घ्यायला लावायची. हक्काचं मागून घ्यायचं, भांडून घ्यायचं, दयेचं नाही. रतन शिकला तो त्यावर, नोकरीला लागला तो त्यावर. भाऊंच्या घरी तो बरोबरीनं बसत आला होता, बरोबरीनं जिंकत आला होता. त्या बरोबरीखाली इतकी वर्षं कुणीतरी चुपचाप पाचर घातली असेल, डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घालतात तशी, तर मग तो कुणाच्या घरी कसा बसला होता? वडगाव आलं, शेंगांवाला म्हातारा उतरला. कान्हे, कामशेत, मळवली. रतनला वाटलं, आज जाऊच नये. तब्येतीचं सांगावं. पुढच्या रविवारी दुसरं काहीतरी, मग आपोआप बंद होईल. अशा गोष्टी बंद पडताना आवाज करत नाहीत. पण लोणावळ्याला उतरल्यावर पाय वलवणकडंच वळले. गेल्या रविवारचा डाव अर्धा राहिला होता आणि भाऊ पटावर प्लास्टिक घालून आठवडाभर तो जपून ठेवायचे. लीलाबाई पडवी झाडतानासुद्धा त्याला वळसा घालून झाडायच्या. रतननं ठरवलं, आज विचारायचं. उत्तर आपल्याला वाटतं तेच आलं, तर परत ती पायरी चढायची नाही.

अंबाजीभाऊ कानटोपी घालून पटाशीच बसले होते. शहात्तरीच्या पुढचा माणूस, गुडघे गेलेले, कवळी काढून शेजारच्या वाटीत पाण्यात ठेवलेली, कारण तिच्यानं हिरड्या दुखायच्या. “उशीर केलास,” ते म्हणाले. “ये, चढव.” पटावर नेपोलियनची शेवटची राखीव फौज चढाच्या पायथ्याशी उभी होती. हीच ती खास फौज, हिच्यावर सगळं. रतननं ती चढावर घातली. पाठीला दुसरी लावली. आणि फासा उचलला.

“शिट्टी न्हाई दिलीस,” भाऊ म्हणाले.

“ऱ्हायली,” म्हणत त्यानं फासा टाकला. दान वाईट पडलं. त्याला ते जवळजवळ बरं वाटलं. त्यानं आपल्याच हातानं खास फौज उचलली आणि मोडलेल्यांत ठेवली.

“आरं, ही काय करतुयास? मागं हाय की तुझी.”

“तसा नियम न्हाई, भाऊ.” रस्ताभर घोटून ठेवलेलं सगळं एकदम तोंडाशी आलं. “पुण्यात बघितला मी. पुस्तक वाचलं. मागची तुकडी नुसती वाट देती, पळून येणाऱ्यास्नी. थांबवत न्हाई. तुमी मला जिंकवलं. डोळं गेलं म्हणून. खरं सांगा, दया आली व्हती न्हवं माझी?”

भाऊंनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत घातला. दयेबियेचं त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं. ते आधीच्याच वाक्यापाशी अडले होते.

“वाट देती?”

“व्हय.”

“म्हंजी पुढचा घसरत मागं येतुय, आन् मागचा बाजूला हुतुय?”

“तसंच लिवलंय.”

“आन् ही त्येंनी छापलंय.” त्यांनी पटावरची मागची तुकडी बोटानं ढोसली. लीलाबाई चहा घेऊन बाहेर आल्या तर त्यांना म्हणाले, “ऐकलंस का. मागचा बाजूला हुतुय म्हनं.”

“कोन?”

“नेपोलियनचा.”

“मेला,” लीलाबाई म्हणाल्या आणि कप ठेवून आत गेल्या.

“मी वाचलं तवा,” भाऊ सावकाश म्हणाले, “मागं दुसरी तुकडी उभी आसंल तर, हितवर वाचलं. म्होरलं वाचलं न्हाई मी. म्होरं काय वाचायचं त्यात? मागं हाय म्हंजी धरनारच की. मागच्यानं सोडलं तर सगळी गाडी खाली जाईल.” मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं आणि चेहरा कडू झाला. “म्हंजी मी इतकी वर्सं उगंच हरलो? तसं बगितलं तर तुझं निम्मं डाव माझंच हायती. आन् लीला मला म्हणायची, तुमास्नी खेळताच येत न्हाई. हरायचं काय सुख वाटतंय व्हय मला? तुझी दया कशापायी करू, तू त्या टायमाला माझी आयमाय काढत हुतास.”

ते खरोखरच चिडले होते. हरलेल्या डावांसाठी, आता, शहात्तरीपुढं, कानटोपीत. रतनला हसू आलं, आणि हसता हसता त्याच डाग पडलेल्या डोळ्यांत पाणी भरलं. बंगल्यातल्या कुणा साहेबाचं पुस्तक, शब्दकोश, बारीक टाइप, आणि त्यात अर्ध्या वाक्यावर थांबलेला हा माणूस. पुढचं वाचायची त्याला गरजच वाटली नव्हती. दया असती तर ती कधीतरी संपली असती, तिचा हिशेब निघाला असता, तिच्यापुढं हात मागं घेता आला असता. पण इथं देणाऱ्याला काही दिल्याचंच ठाऊक नव्हतं. चढावर माणसाच्या मागं कुणी नसेल, किंवा असून बाजूला होईल, ही गोष्ट त्याच्या डोक्यात मावत नव्हती, एवढंच. रतनला फार बरं वाटलं. आईला सांगता आलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आक्का, हे घेण्यासारखं होतं गं, हे मी घेतलं.

“मग आता पुस्तकापरमानं खेळायचं म्हंतोस?” भाऊंनी विचारलं. आवाज पडलेला होता. आयुष्यभर नियमानं इंजिन चालवलेला माणूस; छापलेल्या ओळीपुढं त्यांचा नेहमीच नाइलाज व्हायचा.

“तुमी सांगा.”

भाऊंनी मोडलेल्यांच्या रांगेकडं पाहिलं. त्यांनी त्यातून बरोबर ती खास फौज उचलली आणि चढावर होती त्याच घरात परत ठेवली. मागची तुकडी जरा तिरकी झाली होती, तिला बोटानं सरळ करून पुढचीला चिकटवली.

“लिवणाऱ्यानं घाट बगितला नसंल,” ते म्हणाले. “दे शिट्टी.”

रतननं ओठ जुळवले. शिट्टी फुटली, बारीक आणि लांब. मग तो थांबला. समोर अंबाजीभाऊंनी ओठ जुळवले. कवळी वाटीत होती, त्यामुळं नुसती हवा आली. रतननं तुकडी एक घर वर सरकवली.